२.४ गिगाहर्ट्झसाठी १६ मिमीच्या चौकोनात बसणारा आयसोलेटर: गार्नेट कोणता, मॅग्नेट कोणता?

मकरपुरा_लिंक (वडोदरा)

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांसाठी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला टेलिमेट्री रेडिओ बनवतोय. पॉवर अँप्लिफायर १ वॉटचा, अँटेना छतावर, मध्ये तीन-चार मीटर केबल. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की अँटेनाचा रिटर्न लॉस ६ डीबीवर येतो (आकडा जितका लहान, तितकी जास्त पॉवर परत येते), अँप्लिफायर शेजारच्या चॅनेलमध्ये घाण सांडतो, आणि एखाद्या केबल-लांबीला चक्क ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःहूनच सिग्नल काढू लागतो.

म्हणून अँप्लिफायरनंतर आयसोलेटर हवा, म्हणजे सिग्नल पुढे जाऊ देणारा पण परतणारी लाट अडवणारा भाग. बाजारात मिळणारा ड्रॉप-इन २५ मिमीचा, माझ्या बोर्डावर जागा १६ बाय १६, उंची ७ मिमी. इन्सर्शन लॉस (पुढे जाताना होणारी घट) ०.४ डीबीच्या आत, आयसोलेशन (उलट दिशेची घट) निदान १८ डीबी.

कागदावर गणित केलं ते असं: रेझोनन्सच्या खाली चालवायचं (म्हणजे चुंबकीय क्षेत्र गार्नेटच्या रेझोनन्सला लागतं त्याहून कमी), ५५० गॉसचा अॅल्युमिनियम घातलेला गार्नेट (चुंबकीय सिरॅमिक), एप्सिलॉन (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) १४. डिस्कचा व्यास जवळजवळ २५ मिमी येतो, म्हणजे बाजारातला माल उगाच मोठा नाही. हे लहान कसं करायचं? लम्प्ड प्रकार (डिस्कऐवजी इंडक्टर-कपॅसिटरचा) घ्यावा का? मॅग्नेट समेरियम-कोबाल्टचा धरलाय, कारण छतावरच्या पेटीत मे महिन्यात ६५-७० अंश होतात. मोजायला नॅनोव्हीएनए व्ही-२ (छोटा नेटवर्क अॅनालायझर) आहे.

---

राजवाडा५० (इंदूर)

भिया, गणित बरोबर आहे, बाजू चुकीची निवडलीय. रेझोनन्सच्या खाली चालवायचं तर लो-फील्ड लॉस (क्षेत्र कमी असताना गार्नेट पॉवर खातो तो) टाळण्यासाठी मॅग्नेटायझेशन कमी ठेवावं लागतं. २.८ मेगाहर्ट्झ प्रति अर्स्टेडच्या हिशेबाने २.४५ गिगाहर्ट्झला ८७५ गॉस ही कमाल हद्द, आणि सुरक्षित अंतर ठेवलं की ५००-६००. तिथे म्यू-इफेक्टिव्ह (गार्नेटची परिणामी परमिएबिलिटी) ०.६ च्या आसपास येतो, एकाच्या खाली. डिस्क फुगते ती त्यामुळे.

आता रेझोनन्सच्या वर जा, म्हणजे क्षेत्र इतकं वाढवा की रेझोनन्सच आपल्या वारंवारितेच्या पुढे जाईल. साधा वायआयजी (यिट्रियम-लोह गार्नेट) घ्या, १७८० गॉस, एप्सिलॉन १४.५. आतलं क्षेत्र १५०० अर्स्टेड धरलं तर रेझोनन्स ४.२ गिगाहर्ट्झला. २.४५ ला परमिएबिलिटीचे दोन घटक म्यू २.८०, कप्पा १.०५, आणि म्यू-इफेक्टिव्ह म्हणजे (म्यू वर्ग वजा कप्पा वर्ग) भागिले म्यू = २.४. त्रिज्या = १.८४ × तरंगलांबी ÷ (२ × पाय × √(एप्सिलॉन × म्यू-इफेक्टिव्ह)). तरंगलांबी १२२.४ मिमी घातली की ६.०७ मिमी. व्यास १२.१. त्याच वारंवारितेला निम्मा.

हे बॉस्मा आणि १९६५ च्या फे-कॉमस्टॉक यांच्या पद्धतीचंच गणित आहे, नवीन काही नाही. दोन डिस्क, प्रत्येकी १ मिमी जाड, मधोमध ०.१ मिमी तांब्याचा वाय आकाराचा कंडक्टर.

पण १६ वजा १२ म्हणजे प्रत्येक बाजूला २ मिमी उरतात. एप्सिलॉन ९.८ च्या सिरॅमिकवरसुद्धा पाव तरंगलांबी ९.८ मिमी होते, तेव्हा क्वार्टर-वेव्ह ट्रान्सफॉर्मर विसरा. कंडक्टरच्या डिस्कवर तीन पोर्टांच्या मधल्या जागी तीन छोटे कपॅसिटिव्ह स्टब काढा. त्यांनी डिस्कचा स्वतःचा रेझोनन्स खाली ओढला जातो, मग गार्नेट १० मिमीवर आणता येतो आणि कडेला इम्पिडन्स जुळवायला थोडी जागा मिळते. हाव धरून ६-७ मिमीवर जाऊ नका. कारण पुढच्या उत्तरात येईलच, लष्करवाले साहेब लम्प्डबद्दल लिहिणार याची खात्री आहे.

सिम्युलेशनमध्ये एक खड्डा आहे. एचएफएसएसमध्ये (सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) फेराइटला जे बायस देता ते आतलं क्षेत्र. मॅग्नेटने बाहेरून दिलेलं क्षेत्र तिथे टाकलं की सगळं सरकतं. १२ मिमी व्यास आणि २ मिमी एकूण जाडी असलेल्या सिलिंडरचा डीमॅग्नेटायझेशन गुणांक (गार्नेट स्वतःच आतलं क्षेत्र किती कमी करतो ते) ०.७९ च्या आसपास. म्हणजे बाहेरून १५०० + ०.७९ × १७८० = साधारण २९०० अर्स्टेड हवेत. लोखंडी पोल डिस्कला चिकटून असेल तर गुणांक बराच खाली येतो, तो मॅग्नेटोस्टॅटिक सोडवूनच घ्या.

---

लष्कर_मायक्रोवेव्ह (ग्वाल्हेर)

अंदाज बरोबर केलात. जागा खरंच कमी असेल तर लम्प्डच. कोनिशी यांचा १९६५ चा लम्प्ड वाय-सर्क्युलेटर पाहा (सर्क्युलेटर म्हणजे सिग्नल फक्त पुढच्या पोर्टला देणारा तीन पोर्टांचा भाग; तिसऱ्या पोर्टवर लोड लावला की तोच आयसोलेटर): लहानशा गार्नेटवर १२० अंशांत एकमेकांवरून जाणाऱ्या तीन पट्ट्या, मध्ये पॉलिइमाइडचा पापुद्रा, प्रत्येक पोर्टला जमिनीकडे एक कपॅसिटर. इथे डिस्क रेझोनेटर नसते, एलसी असते, त्यामुळे आकाराचा तरंगलांबीशी थेट संबंध तुटतो. सीडीएमए मोबाइलमध्ये अँप्लिफायर आणि डुप्लेक्सरच्या मध्ये काही मिलिमीटरचे आयसोलेटर असत, ते याच वंशातले.

उदाहरणादाखल पट्टीचा इंडक्टन्स १.५ नॅनोहेन्री आला तर २.४५ गिगाहर्ट्झला २.८ पिकोफॅरड लागतो. पाच टक्के टॉलरन्सचा कपॅसिटर घेतला की मध्य वारंवारिता अडीच टक्के, म्हणजे ६० मेगाहर्ट्झ इकडे-तिकडे. तुमचा अख्खा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा आहे. तेव्हा दोन टक्क्यांचा सी-झिरो-जी (तापमानाला स्थिर सिरॅमिक कपॅसिटर) घ्या.

लॉसचा सरळ हिशेब (अनलोडेड क्यू म्हणजे रेझोनेटरचा स्वतःचा, लोडेड म्हणजे सर्किटला जोडल्यावरचा): इन्सर्शन लॉस = २० लॉग (१ − लोडेड क्यू ÷ अनलोडेड क्यू), चिन्ह उलटं करून. अनलोडेड क्यू १२० आणि लोडेड ५ तर ०.३७ डीबी. लोडेड ८ झाला की ०.६. आकार लहान करत गेलात की लोडेड क्यू चढतो, आणि पट्ट्या बारीक झाल्या की अनलोडेड उतरतो. दोन्हीकडून मार. राजवाडावाल्यांची डिस्क लोडेड क्यू २ च्या आसपास चालते. अनलोडेड १०० धरला तरी ०.१८ डीबी. ०.४ ची अट खरी असेल आणि १६ मिमी मिळत असतील, तर लम्प्डची बाजू मी स्वतःच सोडतो. १० मिमी असते तर भांडलो असतो.

लम्प्ड केलाच तर पट्ट्यांवर ईएनआयजी फिनिश (निकेलवर सोन्याचा पातळ थर) नको. २.४५ गिगाहर्ट्झला तांब्यात स्किन डेप्थ १.३ मायक्रॉन, म्हणजे प्रवाहाचा बराचसा भाग सोन्याखालच्या निकेलमधूनच वाहतो. चांदी चढवा. लोखंडी झाकण आणि तळ जमीन म्हणून वापरणार असाल तर त्यांच्या आतल्या बाजूलाही किमान ७ मायक्रॉन चांदी हवी. नुसत्या निकेल-प्लेटेड झाकणाने अनलोडेड क्यूची वाट लागते आणि माणूस गार्नेटला शिव्या घालत बसतो.

---

मांडवी_बेंच (वडोदरा)

मॅग्नेटवर कोणी बोललं नाही, आणि मूळ प्रश्नातली सगळ्यात महाग गफलत तिथेच आहे. समेरियम-कोबाल्ट तापमानाला स्थिर असतो हे खरं. पण गार्नेट स्थिर नसतो. वायआयजीचं मॅग्नेटायझेशन दर अंशाला सुमारे ०.२ टक्के घसरतं. २५ वरून ७० ला गेलात की १७८० चे १६२० गॉस. मॅग्नेट हटला नाही आणि गार्नेट खाली आला, तर डीमॅग्नेटायझेशनचा वाटा कमी होऊन आतलं क्षेत्र उलट वाढतं.

वर दिलेल्या आकड्यांवरच (गुणांक ०.७९, आतलं क्षेत्र १५००) ७० अंशांचा हिशेब मांडतो. समेरियम-कोबाल्ट (दर अंशाला उणे ०.०४ टक्के) घेतला तर आतलं क्षेत्र १५७० च्या वर जातं, म्यू-इफेक्टिव्ह २.४० वरून २.२१, मध्य वारंवारिता सुमारे १०० मेगाहर्ट्झ वर. निओडिमियम (उणे ०.१२) घेतला तर १४७०, सुमारे ४० मेगाहर्ट्झ वर. स्ट्रॉन्शियम फेराइट (उणे ०.२), म्हणजे आपल्या स्पीकरच्या मागचा काळा मॅग्नेट, घेतला तर १३६०-६५, सुमारे ३० मेगाहर्ट्झ खाली. पोल चिकटवून गुणांक कमी केलात तर आकडे लहान होतील, पण समेरियम-कोबाल्ट शेवटचाच राहील.

मग सगळे स्ट्रॉन्शियम का वापरत नाहीत? उंचीमुळे. गार्नेटमध्ये एकूण बी सुमारे ३२८० गॉस लागतो (१५०० + १७८०). स्ट्रॉन्शियमचा रेमनन्सच (मॅग्नेटमध्ये स्वतःहून राहणारा बी) ४००० च्या आसपास, म्हणजे हाताशी उरतात ७०० अर्स्टेड. गार्नेट आणि मधल्या फटी ओलांडायला लागणारा जोर त्यातून काढायचा तर मॅग्नेटची जाडी ८-९ मिमी होते. तुमची पूर्ण उंची ७. निओडिमियमला १ ते १.५ मिमी पुरतात. साधी ग्रेड ८० अंशांच्या पुढे कायमची क्षीण होऊ शकते, म्हणून नावात एसएच असलेली, १५० अंशांची ग्रेड मागा आणि निकेल कोटिंग शाबूत आहे का बघा. उंचीचा हिशेब: तळ ०.८, गार्नेट १, कंडक्टर ०.१, गार्नेट १, वरची प्लेट ०.५, मॅग्नेट १.५, झाकण ०.८. एकूण ५.७.

समेरियम-कोबाल्टच घरात पडून असेल तर निकेल-लोखंडाच्या कॉम्पेन्सेशन मिश्रधातूची चकती मॅग्नेटच्या रांगेत घालून भरपाई करता येते. तापमान वाढलं की तिची परमिएबिलिटी पडते आणि क्षेत्र कमी होतं. चालतं, पण जाडी जुळवताना ओव्हनमध्ये बऱ्याच फेऱ्या होतात.

---

मकरपुरा_लिंक (वडोदरा)

हे डोळे उघडणारं आहे. निओडिमियम एसएच आणि १२ मिमीचा वायआयजी घेतो. दोन शंका. जुळवणी करताना सगळ्यात जास्त काय बिघडतं? आणि मोजमाप नॅनोव्हीएनएवर जमेल का? एक सहकारी म्हणतो आयसोलेटर सोडा, दोन अँप्लिफायर आणि दोन ९० अंशांचे हायब्रिड लावून बॅलन्स्ड करा.

---

राजवाडा५० (इंदूर)

बॅलन्स्डबद्दल आधी. बाहेरून पाहिलं तर बॅलन्स्ड अँप्लिफायरचा आउटपुट मॅच छान दिसतो, पण अँटेनावरून परतलेली लाट हायब्रिडमधून दोन्ही ट्रान्झिस्टरपर्यंत जातेच. दोघांनाही खराब लोड दिसतो, फक्त वेगवेगळ्या कोनात. संरक्षण पुरेसं होत नाही. पॅड (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) लावण्याचा विचारही येईल: १ डीबीच्या पॅडने रिटर्न लॉस २ डीबी सुधारतो आणि २० टक्के पॉवर जाते. ०.४ डीबीच्या आयसोलेटरमध्ये ९ टक्के जाते आणि अँप्लिफायरला १८-२० डीबी दिसतं.

जुळवणीत पहिला शत्रू हवेची फट. गार्नेट १ मिमी, एप्सिलॉन १४.५. एका डिस्कच्या दोन्ही तोंडांना मिळून २० मायक्रॉन हवा राहिली (केसाच्या जाडीहूनही कमी), तर परिणामी एप्सिलॉन ११.५ होतो आणि वारंवारिता १२ टक्के वर जाते. २.४५ चे २.७५ गिगाहर्ट्झ! ५ मायक्रॉनलासुद्धा ८० मेगाहर्ट्झ सरकते. म्हणून डिस्कची तोंडं लॅप केलेली हवीत, जमिनीकडच्या तोंडावर भाजलेल्या चांदीचा थर असेल तर उत्तम, आणि सगळी थप्पी स्प्रिंग वॉशरने किंवा सिलिकॉनच्या पातळ गादीने कायम दाबात हवी. तांब्याचा वाय एच केल्यावर कडेला बर (धातूची उरलेली धार) राहिला तरी तेवढीच फट पडते. काचेवर ठेवून बोट फिरवा, नखाला लागलं तर पुन्हा घासा. कंडक्टरला सोल्डर लावताना थेंब डिस्कखाली गेला तर तो नग बाजूलाच ठेवा.

दाबात असूनही वारंवारिता वर दिसली की आधी फट संशयात घ्या, मॅग्नेट नंतर. फरक असा ओळखा: झाकणावर बोटाने दाबल्यावर वक्र खाली सरकला तर फट. स्टीलचा स्क्रू-ड्रायव्हर जवळ नेल्यावर सरकला तर लोखंडी योक (फ्लक्सला परतीची वाट देणारं कवच) नीट बंद झालेला नाही, फ्लक्स बाहेर सांडतोय. तसा आयसोलेटर बोर्डावर शेजारी स्पीकर किंवा फेराइट इंडक्टर आला की बिघडणार.

ट्रिम करताना दिशा लक्षात ठेवा: रेझोनन्सच्या वर क्षेत्र वाढलं की वारंवारिता वर. मॅग्नेट पूर्ण चार्ज करून बसवायचा, मग उलट्या पल्सने थोडा थोडा उतरवत हव्या त्या जागी आणायचा. असा थोडा उतरवलेला मॅग्नेट नंतर जास्त स्थिर राहतो. चार्जर नसेल तर मॅग्नेटच्या कडेला ०.२ मिमी लोखंडी पत्र्याची पट्टी लावून थोडा फ्लक्स वळवा.

आणि पुढे ०.४ आणि मागे २० डीबी यायच्या जागी बरोबर उलटं आलं, तर काही बिघडलेलं नाही, मॅग्नेट पालथा बसलाय. पलटा.

---

मांडवी_बेंच (वडोदरा)

मोजमापाचं. व्ही-२ वारंवारितेला पुरतो (पहिला नॅनोव्हीएनए दीड गिगाहर्ट्झलाच थांबतो), पण तो एकाच दिशेने मोजतो. एस-१२ (उलट दिशेचं मोजमाप) साठी नग उलटा करून पुन्हा लावावा लागतो. दुसऱ्या पोर्टचा मॅच तो दुरुस्त करत नाही, त्यामुळे तो मॅच २० डीबी आणि तुमचा नग २० डीबी असला तरी इन्सर्शन लॉसमध्ये अधिक-उणे ०.०९ डीबीची चूक बसते. ०.३ मोजताना हे फार होतं. नगाच्या दोन्ही बाजूंना ६ डीबीचे चांगले एसएमए पॅड लावा आणि पॅडसकट कॅलिब्रेट करा.

मोठ्या व्हीएनएवर गेलात तर तिथे एक फसवी सोय असते, अनोळखी थ्रू (दोन पोर्ट जोडणारा तुकडा) वापरून कॅलिब्रेशन. ती थ्रू दोन्ही दिशांना सारखी असेल तरच चालते. आयसोलेटर थ्रूच्या जागी ठेवून कॅलिब्रेशन कधीही करू नका.

टेस्ट बोर्ड एफआर-४ चा असेल तर दर इंचाला ०.१५-०.२ डीबी बोर्डच खातो. त्याच लांबीची नुसती लाइन बाजूला छापा आणि वजा करा.

तिसऱ्या पोर्टचं टर्मिनेशन सुरुवातीला बसवू नका. तिथे एसएमए काढून चांगला ५० ओमचा लोड लावा आणि आधी सर्क्युलेटर म्हणून मोजा. तिन्ही दिशांचे वक्र जवळजवळ एकसारखे आले तर यांत्रिक सममिती ठीक. एकाच पोर्टचा वेगळा आला तर डिस्क मध्यापासून सरकली आहे किंवा त्या पोर्टच्या सोल्डरमध्ये घोळ आहे. हे जमल्यावरच चिप रेझिस्टर लावा. आयसोलेशनला वरची हद्द टर्मिनेशनच घालतं: त्याचा रिटर्न लॉस १५ डीबी असेल तर सर्क्युलेटर कितीही देखणा असो, आयसोलेशन १५ च्या आसपासच अडकेल. तुम्हाला १८ हवेत, म्हणजे टर्मिनेशन २२ च्या पुढचं धरा. साधा २५१२ चिप २.४५ ला बराच कपॅसिटिव्ह दिसतो, त्याच्या आधी बारीक, उच्च इम्पिडन्सचा छोटा तुकडा घालून भरपाई करा.

अँटेना तुटली तर जवळजवळ १ वॉट त्याच रेझिस्टरमध्ये जिरणार, तोही ७० अंशांच्या पेटीत. ५ वॉटचा घ्या आणि खाली व्हियांची (बोर्डातल्या तांबं चढवलेल्या भोकांची) दाट जाळी द्या. अॅल्युमिनियम नायट्राइडचा मिळतो. जुन्या बाजारातून बेरिलियम ऑक्साइडचा उचललात तर त्याला कानस लावू नका, त्याची धूळ फुफ्फुसाला विषारी आहे.

---

लष्कर_मायक्रोवेव्ह (ग्वाल्हेर)

एक जोड. ४.९ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या हार्मोनिकला हा आयसोलेटर आयसोलेटर राहत नाही. लो-पास फिल्टर वेगळा लागेलच. तो आयसोलेटरनंतर, अँटेनाच्या बाजूला ठेवलात तर अँप्लिफायरला त्या हार्मोनिकला जो लोड दिसेल तो आयसोलेटर आणि फिल्टर यांच्यामधल्या लाइनच्या लांबीवर ठरेल. अँप्लिफायर हार्मोनिकबाबत नाजूक असेल तर फिल्टर आधी, आयसोलेटर नंतर. आणि ऑसिलेशन जातं का हे तपासताना शॉर्ट आणि ओपन दोन्ही लावून, केबलची लांबी दर वेळी सेंटिमीटरभर वाढवत पूर्ण अर्धी तरंगलांबी फिरवा. एकाच लांबीला शांत राहिला म्हणजे सुटला असं नाही.

---

मकरपुरा_लिंक (वडोदरा)

ठीक. लॅप केलेल्या डिस्कची चौकशी सुरू केली, एका बाजूला भाजलेली चांदी असं लिहूनच. चांदीचा थर किती जाड मागू?

---

राजवाडा५० (इंदूर)

१० मायक्रॉन. आणि चांदी गार्नेटच्या कडेवर उतरलेली नको, हे ऑर्डरमध्ये वेगळं लिहा. कडेवर आली की डिस्कची बाजू शॉर्ट होते आणि सगळं गणित बदलतं.